आजीच्या प्रार्थनेत माझं नाव: ख्रिस्ती विश्वास घरातून मुलांपर्यंत कसा पोचतो

बायबलच्या नव्या करारात 'आजी' हा शब्द फक्त एकदा येतो. येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित पौल साखळदंडात आहे आणि आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्र लिहितोय. हिवाळ्याआधी ये, येताना त्रोवस शहरात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, असे साधेसुधे निरोप त्या पत्रात आहेत. सुरुवातीलाच तो म्हणतो, तुझ्यातला निष्कपट विश्वास मला आठवतो. तो आधी तुझी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग तुझी आई युनीके हिच्या ठायी, आणि तुझ्याही ठायी आहे अशी माझी खात्री आहे. मूळ ग्रीक पत्रात आजीसाठी 'माम्मे' असा शब्द आहे. बाळाचे ओठ पहिल्यांदा मिटून उघडतात तेव्हा फुटावा तसा.

तीमथ्याचे वडील ग्रीक होते, आई यहुदी. नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकावरून दिसतं की त्याची सुंता झालेली नव्हती, म्हणजे घरात वडिलांची रीत चालत असावी. तरी त्याच पत्रात पुढे पौल आठवण करून देतो, की तुला अगदी तान्हेपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे. तान्हेपणापासून! तान्ह्या बाळाला शास्त्र काय कळणार, असं आपण सहज म्हणू. पण पौलाने निवडलेला शब्द पाळण्यातल्या बाळाचाच आहे. त्या घरात कोणीतरी त्या बाळाला मांडीवर घेऊन स्तोत्रं म्हणत असणार, आणि ती कोण होती याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही.

आई आणि आजी मुलाला विश्वास 'देतात' म्हणजे नेमकं काय करतात? धडा शिकवावा तसा तो देता येत नाही. दागिना मोडून नातवंडांत वाटावा तसाही नाही. तरीही दोन हजार वर्षं तो घराघरांतून पुढे जात राहिला आहे, आणि पुष्कळदा बायकांच्या हातून. हे कसं होतं, ते सोपं करून सांगायचा हा प्रयत्न.

विश्वास हा शब्द आपण दोन तऱ्हेने वापरतो

'देव आहे यावर माझा विश्वास आहे' आणि 'माझ्या आईवर माझा विश्वास आहे.' पहिल्या वाक्यात एक विधान खरं मानलंय. दुसऱ्यात एका माणसावर भार टाकलाय. आई आहे की नाही, असा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही येत नाही. मूल दुसरा अर्थ आधी शिकतं. रडलं की कोणीतरी येतं, भूक लागली की पोट भरतं, अंधारात हात पुढे केला की हाताला हात लागतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली माणसाच्या वाढीचे टप्पे मांडले, तेव्हा अगदी पहिल्या टप्प्याला त्याने मूलभूत भरवशाचा टप्पा म्हटलं. जग भरवशाचं आहे की नाही, याचं उत्तर बाळ पहिल्या वर्षातच शोधायला लागतं.

बाविसाव्या स्तोत्रात याचीच प्रार्थना झाली आहे: मी आईच्या अंगावर पीत होतो तेव्हाच तू मला तुझ्यावर भरवसा ठेवायला लावलंस. स्तोत्रकर्ता देवाला म्हणतोय, की तू मला तुझ्यावर टेकायला शिकवलंस ते आईच्या कुशीत. दूध पाजणारी बाई त्या क्षणी धर्मशिक्षण देत नव्हती. ती दूध पाजत होती. पुढे तेच मूल जेव्हा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला शिकतं, तेव्हा भरवसा म्हणजे काय हे त्याला नव्याने समजावावं लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. ज्यांचं बालपण असं गेलं नाही, ज्यांना आई नव्हती किंवा होती पण कुशी नव्हती, अशी असंख्य माणसं देवापर्यंत पोचली आहेत. देव कोणाच्या घरच्या परिस्थितीवर अडून राहत नाही. पण घरात ही वाट असली, तर मूल तिच्यावरून आपसूक चालू लागतं.

पांघरुणाखालून ऐकलेलं

माझी आजी पहाटे उठून पलंगाच्या कडेला बसून प्रार्थना करायची. मी शेजारीच झोपलेली असायचे. ती मोठ्याने बोलायची नाही आणि मनातल्या मनातही नाही, पुटपुटायची. त्या पुटपुटण्यात नावं असायची. आधी तिची मुलं, वयाच्या क्रमाने. मग सुना, जावई. मग नातवंडं. मी पांघरुणाखाली डोळे मिटून माझ्या नावाची वाट बघायचे. माझ्या आधी माझा मोठा चुलतभाऊ यायचा, त्याचं नाव आलं की आता आपलं, म्हणून मी श्वास रोखून धरायचे. नाव आलं की पुन्हा झोप लागायची.

एके दिवशी त्या यादीत एक नवं नाव आलं. त्या बाईशी आजीचं आदल्या दिवशी जोरात भांडण झालेलं मी स्वतः पाहिलं होतं. आजीची चूक नव्हती, निदान मला तसंच वाटत होतं. नाव घेताना आजी अडखळली. थोडा वेळ गप्प राहिली, मग पुन्हा ते नाव घेतलं आणि पुढे गेली. मी सात-आठ वर्षांची असेन. शत्रूंसाठी प्रार्थना करा, हे वचन त्यानंतर मी उपदेशांत कितीतरी वेळा ऐकलंय. पण दर वेळी मला आठवते ती आजी, त्या नावाशी अडखळलेली.

मी ऐकतेय हे तिला माहीत होतं का? मला नाही वाटत. आणि माझ्या मते हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पौलाने वापरलेल्या 'निष्कपट' या शब्दाकडे पुन्हा बघा. ग्रीकमध्ये जो शब्द पुढे ढोंगी माणसासाठी रूढ झाला, त्याचा जुना अर्थ नट, रंगमंचावर सोंग वठवणारा. निष्कपट विश्वास म्हणजे ज्यात सोंग नाही तो. समोर प्रेक्षक नसतानाही जसाच्या तसा राहणारा. मुलांना हे फार लवकर कळतं. आपल्याला वळण लावण्यासाठी आई हात जोडतेय की तिला स्वतःला खरंच कोणाशी तरी बोलायचंय, यातला फरक चार वर्षांच्या पोरालाही ओळखता येतो. आई स्वतः कशावर टेकते, तिकडे त्याचं लक्ष असतं.

बसता, चालता, निजता, उठता

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे, की देवाची वचनं आधी तुझ्या हृदयात असू देत आणि मग ती मुलांच्या मनावर बिंबव. घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जा. क्रम बघा, आधी स्वतःचं हृदय, मग मुलांचं मन. आणि जागा बघा. पवित्रस्थानाचा उल्लेखही नाही. चार जागा सांगितल्यात आणि चारही रोजच्या जगण्यातल्या आहेत. त्या काळी मुलांचं निजणं-उठणं ज्यांच्या हाती होतं, त्यांच्याकडेच या आज्ञेचा मोठा वाटा आपोआप आला.

चौथ्या शतकात कप्पदुकिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, एमेलिया नावाची एक आई होती. तिने आपल्या थोरल्या मुलीला, माक्रिनाला, कसं वाढवलं ते माक्रिनाच्या धाकट्या भावाने, निस्साच्या ग्रेगरीने, लिहून ठेवलंय. त्या काळी शिकलेल्या घरांत मुलांना जुन्या शोकांतिका आणि काव्यं पाठ करायला लावत. एमेलियाने त्याऐवजी शास्त्रातले वेचे आणि स्तोत्रं घेतली. अंथरुणातून उठताना, काम हाती घेताना, ते पुरं झाल्यावर, जेवायला बसताना आणि उठताना, निजायला जाताना, मध्यरात्री प्रार्थनेला उठताना, प्रत्येक वेळी माक्रिनाच्या ओठांवर स्तोत्र असे. ग्रेगरी म्हणतो, चांगली सोबतीण कधी साथ सोडत नाही तशी स्तोत्रं तिच्याबरोबर असायची.

यावर एक रास्त आक्षेप असतो, की ही पोपटपंची झाली. अर्थ न कळता म्हटलेल्या प्रार्थनेला काय किंमत? मीसुद्धा तरुणपणी असंच म्हणत असे. आता मत बदललंय. मूल भाषाही अशीच शिकतं, आधी आवाज, मग अर्थ. 'आमचे अपराध आम्हांस सोड' हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही हे खरं. पण पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा खरोखरचा अपराध हातून घडतो आणि ते वाक्य आधीपासून तोंडात असतं, तेव्हा ते कळतं. त्या घडीला नवे शब्द शोधायचं बळ माणसात नसतं. म्हातारपणी स्मृती विरत जाते, नावं, चेहरे, तारखा निसटतात, तेव्हाही लहानपणी पाठ झालेली प्रार्थना आणि गीतं पुष्कळांच्या ओठांवर शेवटपर्यंत राहतात. खूप लवकर आणि खूप वेळा जे घडतं, ते सगळ्यात खोल रुजतं.

मुलाच्या प्रश्नांचंही असंच आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा विधी सांगताना मुलं विचारतील हे गृहीतच धरलंय: या विधीचा अर्थ काय, असं तुमची मुलं विचारतील तेव्हा त्यांना अमुक सांगा. आणि जे सांगायचं त्यात व्याख्या नाही, गोष्ट आहे. आम्ही मिसरात गुलाम होतो आणि परमेश्वराने आम्हांला बाहेर काढलं. 'आम्ही' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ऐकणाऱ्या मुलाने मिसर, म्हणजे इजिप्त, पाहिलेलं नसतं, सांगणाऱ्या आईनेही नसतं. तरी ती 'आम्ही' म्हणते आणि मुलाला त्यात ओढून घेते.

मग एखादं पोर विचारतं, आपण एवढी प्रार्थना केली तरी आजोबा का गेले? या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देऊ नये असं मला कळकळीने वाटतं. 'देवाला ते हवे होते' असं सांगितलं की मूल देवालाच घाबरू लागतं. त्यापेक्षा लाजराची गोष्ट सांगावी. लाजर आजारी आहे असा निरोप गेला तरी येशू उशिरा पोचला, तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं मार्थेने त्याला तोंडावर सांगितलं. येशू तिच्यावर रागावला नाही. तिची बहीण मरीया रडत आली तेव्हा तो स्वतःही रडला. म्हणजे हा प्रश्न विचारायला परवानगी आहे, एवढं मुलाला कळलं तरी पुष्कळ. पुढचं आईलाही माहीत नसतं, आणि तिने ते कबूल केलं म्हणून तिचा विश्वास मुलाच्या नजरेत कमी होत नाही.

एका आईचं गाणं

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची कथा आहे. तिला मूल होत नव्हतं, म्हणून ती मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करत होती आणि एली याजकाला वाटलं की ही बाई प्यालेली आहे. मूल झाल्यावर तिने एक गीत गायलं: देव कंगालाला धुळीतून उठवतो, भुकेले तृप्त होतात, बलवानांची धनुष्यं मोडतात. कित्येक शतकांनंतर येशूची आई मरीया आपल्या पोटातल्या बाळासाठी गाते, तेव्हा तिच्या गीतात हन्नाच्याच ओळींचा नाद ऐकू येतो. भुकेल्यांना त्याने उत्तम पदार्थांनी तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं.

आता लूककृत शुभवर्तमानातच पाच अध्याय पुढे या. मोठा झालेला येशू लोकांना सांगतो, अहो भुकेल्यांनो, तुम्ही धन्य, तुम्ही तृप्त व्हाल. आणि धनवानांनो, तुमची केवढी दुर्दशा. हे वाचताना मला दर वेळी वाटतं की हे शब्द त्याने कुठे ऐकले असतील हे मला ठाऊक आहे. ही माझी समजूत आहे, सिद्धान्त नव्हे. पण हन्नापासून मरीयेपर्यंत आणि तिथून तिच्या मुलापर्यंत एक सूर गेलेला दिसतो, आणि देहधारी झालेला देवाचा पुत्रही कोणाच्या तरी अंगाईत वाढला, या विचाराने मन भरून येतं.

हन्नाकडे मुलगा थोडीच वर्षं राहिला. दूध तुटल्यावर तिने त्याला शिलो इथल्या मंदिरात नेऊन सोडलं. पण पुढे एक छोटंसं वाक्य आहे: त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा करून नेत असे. वर्षातून एकदाच भेट. मापाला मूल समोर नाही, म्हणजे तिला अंदाजानेच कापड बेतावं लागत असणार. एवढ्यात तो केवढा झाला असेल, हात किती लांब झाले असतील. हा झगा मला कुठल्याही उपदेशापेक्षा जवळचा वाटतो.

वेळ नसलेल्या आया

'मला वेळच मिळत नाही' हे दुःख नवं नाही. मोशेची आई योखबेद हिला आपलाच मुलगा दाई म्हणून वाढवायला मिळाला, तोही मोजकी वर्षं. पुढे तो फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, मुलीचा झाला. तरी मोठेपणी तो राजवाड्यातून बाहेर पडून आपल्या भाऊबंदांचे कष्ट बघायला गेला. हे आपले भाऊबंद, हे त्याला कोणी सांगितलं असेल?

नवव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, दुओदा नावाची एक सरदारीण होती. तिचा चौदा वर्षांचा मुलगा विल्यम राजकारणात ओलीस म्हणून राजाकडे गेला. धाकट्या बाळाला तर बाप्तिस्म्याआधीच नवऱ्याने मागवून घेतलं, त्याचं नावही तिला कळलं नव्हतं. ८४१ सालच्या नोव्हेंबरात तिने विल्यमसाठी एक पुस्तक लिहायला घेतलं आणि ८४३ च्या फेब्रुवारीत पुरं केलं. प्रार्थना कशी कर, स्तोत्रं कधी म्हण, वडिलांचा मान कसा ठेव. आणि तुझा धाकटा भाऊ वाचण्याजोगा झाला की त्यालाही हे वाचायला शिकव. दोन्ही लेकरं हाताबाहेर गेलेली, तेव्हा तिने कागदावरून कुशी दिली.

इंग्लंडातल्या एपवर्थ गावी पाळकाची बायको असलेल्या सुझॅना वेस्लीची दहा मुलं जगली, बाकीची तान्हेपणीच गेली. घरात कर्ज, एकदा घराला लागलेली आग, नवरा पुष्कळदा दूर. तिने आठवड्याची संध्याकाळ मुलांत वाटून घेतली होती, रोज एका मुलाशी एकांतात बोलायचं. जॉनचा वार गुरुवार, चार्ल्सचा शनिवार. १७१२ सालच्या पत्रात तिने हे नवऱ्याला कळवलंय. तिला ही प्रेरणा आली ती तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तान्त वाचून. जगाच्या त्या टोकाला जाणं आपल्याला शक्य नाही, पण घरातल्या लेकरांसाठी तर काही करता येईल, असं तिने ठरवलं. पुढे जॉन आणि चार्ल्स वेस्ली मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक झाले. जॉन ऑक्सफर्डला प्राध्यापकी करू लागल्यावरही आईला लिहितो, की त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडा वेळ अजूनही मला देता आला तर बरं होईल.

आजीचं वेगळं काय असतं

आईला मुलाला वेळेत उठवायचं असतं, रागवायचं असतं, अभ्यासाला बसवायचं असतं. आजीच्या मागे ही घाई नसते. शिवाय तिने पुष्कळ गमावलेलं असतं, आणि गमावूनही ती हात जोडते. आईचा विश्वास मूल वापरात असलेला बघतं; आजीचा विश्वास ते तावून सुलाखून निघालेला बघतं.

एमेलियाच्या सासूचं नावही माक्रिनाच. तिच्या तरुणपणी रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा शेवटचा मोठा छळ झाला. तेव्हा ती आणि तिचा नवरा काळ्या समुद्राकाठच्या पंत नावाच्या प्रांतातल्या डोंगररानात जाऊन लपले आणि सुमारे सात वर्षं तिथेच राहिले. या आजीजवळ वाढलेला नातू म्हणजे थोर बेसिल, ज्याला ख्रिस्ती परंपरेत चर्चचा धर्मपिता मानतात. पुढे त्याच्या मतांवर संशय घेतला गेला, तेव्हा त्याने पत्रात जे उत्तर दिलं ते वाचण्यासारखं आहे. माझ्या आईकडून आणि आजी माक्रिनाकडून लहानपणी देवाविषयीची जी समज मला मिळाली, तीच माझ्यात वाढत गेली. मी एक सोडून दुसरं धरलं असं झालं नाही, असं तो म्हणतो. आपल्या काळातला एवढा विद्वान माणूस साक्षीला उभं करतो ते आजीला.

विसाव्या शतकात सोव्हिएत रशियात हेच लाखो घरांत घडलं. १९२९ च्या कायद्याने मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग आणि मेळावे बेकायदा ठरले. चर्च बंद पडत गेली, धर्मगुरू तुरुंगात गेले, मारले गेले. १९३७ च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न विचारला गेला, आणि सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपण श्रद्धावान असल्याचं सांगितलं. सरकारने ती जनगणनाच दडपून टाकली. त्या साऱ्या काळात बाबुश्का, म्हणजे आज्या, नातवंडांना गुपचूप बाप्तिस्म्याला नेत राहिल्या, कधी पोराच्या आईबापांनाही न सांगता. म्हातारीला कोण विचारतं, म्हणून सत्तेने त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

अलीकडच्या अभ्यासातही हे दिसतं. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या व्हर्न बेंगस्टन या समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून साडेतीनशेहून जास्त कुटुंबांचा, साडेतीन हजारांवर माणसांचा, पिढ्यान्‌पिढ्या माग काढला. २०१३ साली मांडलेल्या निष्कर्षांत त्याने दाखवलं की विश्वास पुढे जाण्यात आजी-आजोबांचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा आहे. आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो नात्यातल्या उबेने. आईबाप धर्माचं कितीही कडक पालन करोत, मुलाला त्यांच्याविषयी जवळीक वाटत नसेल तर तो धागा सहज तुटतो. वडिलांशी असलेल्या जवळिकीचाही मोठा परिणाम त्याला दिसला, म्हणून हे काम बायकांवर सोडून पुरुषांनी मोकळं व्हावं असं मी मुळीच म्हणणार नाही. इफिसकरांस पत्रात तर ही आज्ञा बापांना नाव घेऊन दिली आहे, आणि मुलांना चिडीस आणू नका असंही बजावलंय.

उबेचं उलट टोक म्हणजे धाक. 'देव बघतोय हं, शिक्षा करेल' असं म्हणून देवाचा बागुलबुवा केला की पोर तेवढ्यापुरतं गप्प बसतं. पण मोठं झालं की ते बागुलबुवाला टाकतं, आणि देवालाही त्याच्याबरोबरच टाकतं. याउलट आईने एखाद्या संध्याकाळी मुलाजवळ बसून 'मघाशी मी उगाच ओरडले, माझं चुकलं, मला माफ कर' असं म्हटलं, तर क्षमा म्हणजे काय ते त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तरीही मूल निघून गेलं तर

देवाला मुलं असतात, नातवंडं नसतात, असं ख्रिस्ती मंडळींत म्हणतात. म्हणजे आजीचा विश्वास नातवाच्या नावावर आपोआप चढत नाही, त्याला स्वतः येऊन 'बापा' म्हणावं लागतं. तो येईलच याची हमी कोणतीही आई देऊ शकत नाही. ज्या आयांची मुलं दूर गेली आहेत, त्यांना हे पुष्कळदा आपलं अपयश वाटतं. त्यांच्यासाठी मोनिका आहे.

तिचा मुलगा ऑगस्टीन ३५४ साली उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते इथे जन्मला. विशीच्या आतच आईचा विश्वास सोडून तो मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला. पण एक गंमत त्याने स्वतःच लिहून ठेवलीय. एकोणिसाव्या वर्षी रोमी लेखक सिसेरोचं एक पुस्तक वाचून तो भारावला, फक्त एक खंत राहिली, की त्यात ख्रिस्ताचं नाव नव्हतं. ते नाव आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो, म्हणून ज्यात ते नाही असं कितीही सुंदर लिखाण आपल्याला पूर्ण पकडू शकलं नाही, असं तो म्हणतो. तो ज्या काळात सगळ्यात दूर होता, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

मोनिका एका बिशपाकडे गेली, माझ्या मुलाशी वाद घाला म्हणून गयावया करू लागली. बिशप म्हणाला, आत्ता तो ऐकायचा नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती हटेना, तेव्हा जरा वैतागूनच तो म्हणाला, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. पुढे ऑगस्टीन तिला फसवून, ती रात्रभर प्रार्थनेत असताना, जहाजाने रोमला निघून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर एकटी होती. मग तीही समुद्र ओलांडून गेली.

३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच रात्री त्याच्याबरोबर त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अदेओदातुस याचाही झाला, म्हणजे मोनिकाच्या नातवाचा. मोनिकाला आपण नेहमी आई म्हणूनच आठवतो. ती आजीही होती.

त्याच वर्षी घरी परतताना ओस्तिया बंदरात ती तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी गेली. छपन्न वर्षांची होती. आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरावं अशी तिची कितीतरी वर्षांची इच्छा होती, पण शेवटी ती मुलांना म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिचा श्वास थांबला तेव्हा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला. मोठ्यांनी त्याला गप्प केलं. मग एवोदियुस नावाच्या मित्राने स्तोत्रसंहिता हातात घेतली आणि गायला सुरुवात केली, हे प्रभो, मी तुझ्या दयेचं आणि न्यायाचं गीत गाईन. आणि घरातले सगळे त्याला साथ देऊ लागले.